पाय ब्रेकवरच होता

आमच्या घरातल्या बहुतेकांना ही गोष्ट माहीत आहे. चार वर्षांपूर्वी दादा अंगणातून गाडी बाहेर काढत होता. ऑटोमॅटिक गाडी. रिव्हर्स टाकला, ब्रेक सोडला, आणि गाडी एकदम उसळून मागच्या तुळशीवृंदावनावर आदळली. नशिबाने अंगणात कुणी नव्हतं. दादा एकच सांगत राहिला, "गाडी आपोआप रेस झाली. माझा पाय ब्रेकवरच होता." आम्ही सगळे म्हणालो, वय झालं. मीही म्हणाले. त्याच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या.

आठ दिवसांनी मेकॅनिकने गाडी पाहिली. इंजिन चालू ठेवून तो रबरी नळ्यांच्या सांध्यांवर क्लीनरचा फवारा मारत होता आणि कान देऊन ऐकत होता. एका सांध्यापाशी इंजिनचा आवाज बदलला. तिथे नळीला चीर गेली होती. तो म्हणाला, पेट्रोल इंजिनाचा वेग हवेवर ठरतो. ॲक्सिलरेटर दाबला की एक पडदा उघडतो आणि हवा आत जाते. पाय काढला की पडदा मिटतो, आणि इंजिन बंद पडू नये इतकीच हवा एका छोट्या वाटेने जाते. चोरवाटेने जास्त हवा शिरली, की पायाने न दाबताही रेस वाढते. त्या वेळी हे कुणी मनावर घेतलं नाही. नळी बदलली, बिल दिलं, गाडी विकली.

मग एकदा वाचता वाचता ऑडीची हकिगत हाती लागली, आणि मी चपापले.

1980 च्या दशकात अमेरिकेत ऑडी 5000 नावाच्या गाडीबद्दल तक्रारी वाढत गेल्या. पार्कमधून गिअर टाकला की गाडी आपोआप सुसाट सुटते, असं लोक सांगत. माणसं जखमी झाली, काही मेली. 23 नोव्हेंबर 1986 रोजी सीबीएसच्या '60 मिनिट्स' या कार्यक्रमात हा विषय आला. त्यात एक आई होती. तिच्याच गाडीने तिचा लहान मुलगा गेला होता. पाय ब्रेकवर होता, असं ती सांगत होती. एका गाडीचा ॲक्सिलरेटर आपोआप खाली जातानाही दाखवला. पण त्यासाठी तज्ज्ञाने गिअरबॉक्सला भोक पाडून बाहेरून दाब दिला होता, हे प्रेक्षकांना सांगितलं नव्हतं. कंपनीचं म्हणणं, चालकांचे पाय चुकतात. लोकांना तो निव्वळ उर्मटपणा वाटला. 1985 साली अमेरिकेत सुमारे 74 हजार ऑडी गाड्या विकल्या गेल्या होत्या. 1991 साली जेमतेम 12 हजार.

अमेरिकेच्या सरकारी रस्ता सुरक्षा खात्याने सविस्तर तपास करवला. 1989 मध्ये अहवाल आला. पूर्ण रेसवर असलेली गाडीसुद्धा ब्रेक दाबला तर थांबते, ब्रेक आणि इंजिन एकाच वेळी बिघडून पुन्हा आपोआप बरे होणं संभवत नाही, म्हणून बहुतेक वेळा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला असावा, असा त्याचा निष्कर्ष होता.

बरेच लोक गोष्ट इथेच संपवतात. अहवाल मात्र पुढे जातो. या गाडीत मोकळ्या इंजिनाचा वेग सांभाळणारी एक विजेवर चालणारी झडप होती. ती बिघडली की रेस अचानक वाढे. तेवढ्याने गाडी सुसाट सुटत नसे, पण चालक दचके. शिवाय पॅडलची ठेवण अमेरिकन गाड्यांपेक्षा वेगळी होती. दचकलेला पाय जवळच्या पॅडलवर जाई, आणि आपण ब्रेकच दाबतोय या समजुतीने माणूस तो जोर लावून दाबत राही.

म्हणजे यंत्राची छोटी चूक आणि त्यातून माणसाची मोठी चूक. ती आई खोटं बोलत नव्हती. आपला पाय नेमका कुठे आहे हे आपण डोळ्यांनी पाहत नसतो, मनच सांगत असतं. अशा वेळी माणसाला दोष देऊन काय साधतं? यावर खरा उपाय झाला तो वेगळाच. 1987 साली ऑडीने सुमारे अडीच लाख गाड्या परत बोलावून एक कुलूप बसवलं: ब्रेक दाबल्याशिवाय गिअर पार्कमधून हलणारच नाही. आज ते ऑटोमॅटिक गाड्यांत सर्रास असतं.

कंपन्या नेहमीच बरोबर असतात असंही नाही हं. 2009 साली अमेरिकेत टोयोटाच्या गाडीत पायाखालच्या जाजमात ॲक्सिलरेटर अडकून चार माणसं गेली. 2011 च्या सरकारी अहवालात नासाच्या इंजिनिअरांना इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही, पण जाजम आणि अडकणारी पॅडल हे दोष खरे होते. त्याबाबत लोकांची दिशाभूल केली म्हणून 2014 मध्ये टोयोटाला 120 कोटी डॉलर भरावे लागले. प्रत्येक गाडीची नळी न् नळी तपासल्याशिवाय निकाल देऊ नये, हेच खरं.

शाळेत "बाई, मी नाही केलं" असं म्हणणाऱ्या किती मुलांना मी न तपासता गप्प बसवलं असेल, कोण जाणे!

परवा दादाला फोन करून हे सगळं सांगितलं. म्हटलं, "तुझा पाय बहुधा चुकलाच असेल. पण गाडी आधी रेस झाली होती, हे तू खरं सांगत होतास. आम्ही ऐकून घेतलं नाही." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गाडी नको गं आता. एवढं म्हणालीस, बरं वाटलं."

घरच्या मंडळींनी हे वाचलं असेल, तर त्यांनीही एकेक फोन करावा.