अर्धी राहिलेली जादू

गेल्या महिन्यात आमच्या घरी एका पाचशेच्या नोटेवरून बरंच रामायण झालं.

धाकटा नातू सातवीत आहे. सुट्टीत त्याला जादूच्या प्रयोगांचं वेड लागलं. पत्ते झाले, नाणी झाली, दोऱ्याच्या गाठी झाल्या. मग एक दिवस त्याने बहिणीच्या हातात मोबाइल दिला, माझी जुनी शाल डोक्याला फेट्यासारखी गुंडाळली आणि स्वतःचा 'शो' चित्रित करवून घेतला. सुरुवातीला ही लांबलचक गोष्ट! ही नोट आजोबांनी मला त्यांच्या शेवटच्या दिवाळीत ओवाळणी म्हणून दिली, ती मी जपून ठेवली आहे, वगैरे वगैरे. (आजोबांनी नोट दिली होती हे खरं. ती त्याच आठवड्यात बॅटीवर खर्च झाली हेही खरं.) एवढं बोलून पठ्ठ्याने ती नोट सर्वांदेखत टराटरा फाडली. चार तुकडे कॅमेऱ्यासमोर धरले आणि चित्रफीत तिथेच संपवली. पुढचा भाग उद्या!

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती पडली आणि पंधरा मिनिटांत इंदूरहून वन्संचा फोन. "वहिनी, अगं दादाच्या हातची नोट फाडली की गं त्याने!" आवाज भरून आला होता. मी परोपरीने समजावलं, की वन्सं, ती जादू आहे. पण त्यांनी फाटलेली नोट डोळ्यांनी पाहिली होती, आणि जोडलेली नोट अजून कुणीच पाहिली नव्हती.

नातवाला रागवायला गेले आणि त्याऐवजी पी. सी. सरकारांची गोष्ट सांगत बसले. आम्हा मास्तर लोकांना ही खोड असतेच. तीच आज इथे लिहिते.

आमच्या पिढीतल्या मराठी माणसाला जादूगार म्हटलं की आधी आपले रघुवीर आठवतात आणि मग बंगालचे सरकार. प्रतुलचंद्र सरकार यांचा जन्म १९१३ सालचा, टांगाइलजवळचा. म्हणजे आजच्या बांगलादेशातला. गणपती चक्रवर्ती हे त्यांचे गुरू. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग त्यांनी असं काही बदललं, की इंग्रजी वाचणाऱ्याला ते 'सॉर्सरर' म्हणजे जादूगार या शब्दाचंच भावंड वाटावं. स्वतःला 'जगातला सर्वश्रेष्ठ जादूगार' म्हणवून घ्यायचे. विनय हा त्यांच्या धंद्यात बसणारा गुण नव्हता. रंगमंचावर महाराजाचा पोशाख, तुरा लावलेला फेटा, मागे राजवाड्याचे पडदे, आणि खेळाचं नाव 'इंद्रजाल'. नुसत्या हातचलाखीला लोक दहा मिनिटांत कंटाळतात, तिच्याभोवती गोष्ट उभी करावी लागते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

१९५६ च्या वसंतात ते लंडनला गेले. ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरात तीन आठवड्यांचे प्रयोग लागले होते, पण तिकिटं म्हणावी तशी खपत नव्हती. अशा वेळी बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात त्यांना जागा मिळाली. आता 'पॅनोरमा' म्हणजे काही करमणुकीचा कार्यक्रम नव्हे. जगातल्या घडामोडींचा, गंभीर चर्चांचा तो कार्यक्रम. निवेदक रिचर्ड डिंबल्बी. राणीच्या राज्याभिषेकाचं वर्णन १९५३ साली ज्याच्या आवाजात लोकांनी ऐकलं, तो माणूस. त्याने सांगितलं म्हणजे ते तसंच असणार, अशी ब्रिटिश घरांतली समजूत.

सोमवार, ९ एप्रिल १९५६. कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत होता. सरकारांनी दीप्ती डे या आपल्या सतरा वर्षांच्या सहकारी मुलीला संमोहित केलं, टेबलावर निजवलं. लाकडाच्या वखारीत असते तशी मोठी, विजेवर फिरणारी गोल करवत खाली आली आणि तिच्या देहातून आरपार गेली. पेटी नाही, आडोसा नाही. मग करवत थांबली. सरकार तिला जागं करू लागले. हात चोळले, गालांवर चापट्या मारल्या. मुलगी हलेना. सरकारांनी मान हलवली आणि तिच्या चेहऱ्यावर काळं कापड ओढलं. तेवढ्यात डिंबल्बी कॅमेऱ्यासमोर आले आणि कार्यक्रम संपल्याचं त्यांनी जाहीर केलं. पडद्यावर नामावली सरकू लागली.

रात्रीचे सव्वानऊ वाजले होते. लाइम ग्रोव्ह स्टुडिओचे टेलिफोन खणखणू लागले. शेकडो लोकांचं एकच म्हणणं, आम्ही आत्ता आमच्या दिवाणखान्यात बसून एक खून पाहिला. मुलगी सुखरूप आहे, हे बीबीसीला सांगावं लागलं. कार्यक्रम असा एकाएकी का संपला, तर म्हणे सरकारांनी ठरलेली वेळ ओलांडली! पण सरकारांना ओळखणारे सांगत, की हा गृहस्थ वेळेचा विलक्षण पक्का. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर तीच बातमी आणि थिएटरची सगळी तिकिटं खलास.

आता यात नवीन काय होतं? बाईला करवतीने कापायचा खेळ लंडनला जुनाच. सेल्बिट नावाच्या जादूगाराने तो १७ जानेवारी १९२१ रोजी लंडनच्याच फिन्सबरी पार्क एम्पायरमध्ये लोकांसमोर पहिल्यांदा केला. त्या काळी या खेळाच्या जाहिरातीसाठी थिएटरबाहेर रुग्णवाहिका उभी करत. तरी प्रेक्षक घाबरून पोलिसांना बोलावत नसत. कारण थिएटरात तिकीट काढून आत गेलेल्या माणसाला माहीत असतं, की आपण खोटं बघायला आलो आहोत. शेजारी दुसरा माणूस असतो, तो हसतो, टाळ्या वाजवतो. शेवटी पडदा पडतो आणि मेलेले पुन्हा उठून नमस्कार करतात.

कधीकधी उठत नाहीत. त्याच लंडनमध्ये २३ मार्च १९१८ ला चुंग लिंग सू नावाचा 'चिनी' जादूगार बंदुकीची गोळी झेलण्याचा खेळ करत होता. बंदुकीने दगा दिला, गोळी खरीच लागली. रंगमंचावर कधी इंग्रजी न बोलणारा तो माणूस स्वच्छ इंग्रजीत म्हणाला की काहीतरी झालंय, पडदा पाडा. दुसऱ्या दिवशी तो गेला. चिनी वगैरे काही नव्हता, विल्यम रॉबिन्सन नावाचा अमेरिकन होता. सबंध कारकीर्द त्याने एक गोष्ट अंगावर वागवली आणि मरताना ती टाकली. मला ही हकिकत वाचून फार वाईट वाटलं होतं. असो.

सांगायचं ते हे, की घरी टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला ना शेजारी, ना पडदा. त्यातून कार्यक्रम बातम्यांच्या जातीचा. कॅमेऱ्याच्या युक्त्यांचा संशय घ्यावा तर त्यासाठी आधी मनात 'हा खेळ आहे' हे यावं लागतं. पुढे १९६० मध्ये अमेरिकेत मार्क विल्सनने जादूची साप्ताहिक मालिका सुरू केली, तेव्हा त्याला उलटी अडचण होती. प्रेक्षक म्हणणार, कॅमेऱ्याने केलंय सगळं. म्हणून त्याने स्टुडिओत प्रत्यक्ष प्रेक्षक बसवले आणि जादू चालू असताना चित्रण तोडायचं नाही असा नेम ठेवला. विल्सनला विश्वास कमवावा लागला. सरकारांना तो डिंबल्बींकडून आयता मिळाला. आणि त्या विश्वासाची ताकद किती, तर पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९५७ ला, याच 'पॅनोरमा'मध्ये याच डिंबल्बींनी अत्यंत गंभीर आवाजात स्वित्झर्लंडमध्ये झाडांना लागलेल्या स्पॅगेटीचं यंदा भरघोस पीक आल्याचं सांगितलं, आणि ते झाड लावायचं कसं हे विचारायला लोकांनी फोन केले!

पण मला वाटतं सरकारांनी ही युक्ती विलायतेत शिकली नाही. ती आपल्या रस्त्यावरची आहे. माझ्या लहानपणी आठवड्याच्या बाजारी गारुडी यायचा. डमरू, टोपली, मुंगूस आणि एक किडकिडीत पोरगं. त्या पोराला तो चादरीखाली निजवायचा, हातात सुरा घ्यायचा, बतावणी करत करत चादरीत हात घालायचा. पोराची किंकाळी, चादरीवर लाल डाग. मग गारुडी थांबायचा. "मायबाप, पोरगं गेलं. पैसा टाका, तर उठंल." आम्ही पोरं मुठी आवळून उभी. आईने मिठासाठी दिलेला पैसा मी एकदा त्याच्या थाळीत टाकला होता आणि घरी त्याबद्दल धपाटे खाल्ले होते. गोष्ट तोडायची ती मरणावर, कारण थाळी फिरवायची वेळ तीच.

लंडनमध्ये सरकारांनी तेच केलं असं मला वाटतं. काळं कापड ओढलं आणि थाळी सगळ्या इंग्लंडभर फिरवली. फरक इतकाच, की गारुडी पोराला उठवल्याशिवाय बाजारातून कधी हलला नाही. इथे उठलेली मुलगी बघायला थिएटरचं तिकीट काढावं लागलं. कसबाच्या दृष्टीने बघाल तर याला तोड नाही. पण ती रात्र ज्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, आजारी माणसांनी घरात एकट्याने काढली असेल, त्यांचं काय, हाही विचार येतो. हे लिहायचा मला अधिकार आहे की नाही ते पुढे वाचून ठरवा.

१९७८-७९ ची गोष्ट. मी चौथीला होते. म्हणजे चौथीच्या वर्गावर! चौथीचा इतिहास म्हणजे शिवाजी महाराज, आणि मी तो जीव तोडून शिकवत असे. पुस्तक मिटून ठेवायचं, टेबलापुढे येऊन उभं राहायचं आणि गोष्ट सांगायची. त्या शनिवारी आग्र्याहून सुटका चालू होती, १६६६ सालची. पेटारे झाले, मथुरा झाली. महाराजांनी नऊ वर्षांच्या संभाजीराजांना मथुरेत मागे ठेवलं आणि स्वतः वेषांतर करून राजगडावर पोचले. मोगलांनी मुलाचा माग काढू नये म्हणून 'संभाजीराजे वाटेतच वारले' अशी आवई त्यांनी उठवली, हे तुम्हांला माहीत आहेच. मलाही माहीत होतं. पण घंटा व्हायला दोन मिनिटं होती आणि वर्ग असा चिडीचूप बसला होता, की मला मोह आवरला नाही. मी आवाज उतरवून म्हटलं, "जिजाऊंनी विचारलं, शंभूबाळ कुठाय? महाराज म्हणाले, आऊसाहेब, बाळ वाटेत गेला." घंटा झाली. पुस्तक उचललं आणि वर्गाबाहेर पडले. उरलेलं सोमवारी. स्वतःवर भलतीच खूश होते.

रविवारी संध्याकाळी दारात एक बाई उभ्या. वर्गातल्या एका मुलाची आई. घरात यायला तयार होईनात. म्हणाल्या, "बाई, तो संभाजी खरंच गेला का हो? पोरगं कालपासून जेवंना." त्या पावसाळ्यात त्यांचा धाकटा मुलगा तापाने गेला होता. मला माहीत होतं ते. सांत्वनाला मी त्यांच्या घरी जाऊनही आले होते. पण वर्गात उभी राहिले तेव्हा ते माझ्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. डोळ्यांपुढे फक्त माझी गोष्ट होती.

मी तशीच चपला घालून त्यांच्याबरोबर गेले. मुलगा भिंतीला टेकून बसला होता. त्याला सांगितलं, अरे, राजे सुखरूप होते, मथुरेला लपवून ठेवलं होतं त्यांना, नंतर राजगडावर आले, मोठे झाले, छत्रपती झाले. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग काल का नाही सांगितलं?" मी त्याला काय सांगणार?

त्यानंतर मी गोष्टी तोडायच्या सोडल्या, असं मात्र म्हणवत नाही. गोष्ट न तोडता इतिहास शिकवणं मला कधी जमलं नाही. पण शनिवारी तोडली नाही.

सरकारांनी शेवटपर्यंत जादू सोडली नाही. १९६४ साली पद्मश्री मिळाली. ६ जानेवारी १९७१ ला जपानमध्ये, होक्काइडो बेटावर, प्रयोगांच्या दौऱ्यातच हृदयविकाराने ते गेले. वय अवघं सत्तावन्न. मुलगा प्रदीप पुढे पी. सी. सरकार ज्युनिअर म्हणून नावारूपाला आला. २०१० मध्ये टपाल खात्याने थोरल्या सरकारांचं तिकीट काढलं. आमच्या ह्यांच्या संग्रहात ते आहे, फेट्यातले, ऐटबाज.

ही सगळी गोष्ट ऐकून नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजी, पण त्याचे फोन शेकड्याने आले, माझा एकच आला." तरी त्याने दुसरा भाग उद्यावर ठेवला नाही. त्याच रात्री साडेनऊला शाल गुंडाळून पुन्हा उभा राहिला. तुकडे मुठीत घेतले, फुंकर मारली, नोट सबंध. ग्रुपवर टाकल्याबरोबर इंदूरचा फोन. वन्संना नोटेचा नंबर हवा होता, दोन्हींचा.