पाठीला पाठ लावलेली पाने

कुडाळजवळच्या पिंगुळीत 2006 साली एका गोठ्याचे संग्रहालय झाले. परशुराम गंगावणे यांच्या या ‘ठाकर आदिवासी कला आंगण’मध्ये चित्रकथीच्या, म्हणजे चित्रे दाखवून कथा सांगण्याच्या कलेच्या, पोथ्या, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या आहेत. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. इथवर सारे पक्के. त्यामागे जाऊ लागलो की जमीन भुसभुशीत लागते.

सर्वांत जुना धागा ‘मानसोल्लासा’चा. बाराव्या शतकातल्या, कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याच्या या ग्रंथात चित्रकथक भेटतो. चित्रे दाखवून कथा सांगणारा माणूस तेव्हा ओळखीचा होता, एवढेच त्यावरून म्हणता येते. पिंगुळीचा पत्ता तिथे लागत नाही. 1885 च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात चित्रकथी हा एक समाज म्हणून नोंदला आहे. घाटावरचे ते लोक आणि ही कला जपणारे कोकणातले ठाकर एकच होते का? नाव धंद्याचे आहे. एकाच धंद्यात अनेक समाज असू शकतात. या चित्रांच्या ‘पैठण शैली’ या नावानेही फसगत होते. संग्राहक दिनकर केळकरांना अशी चित्रे पैठणला मिळाली म्हणून ते रूढ झाले. चित्रे मिळाली ती जागा, काढली ती नव्हे.

शिवकाळात ठाकर हेरगिरी करत, सावंतवाडीच्या राजांनी देवळांतल्या खेळांसाठी गावे नेमून दिली, असे समाजात सांगतात. दुसरी गोष्ट मला जास्त संभवनीय वाटते. पण दोन्ही आठवणी म्हणूनच नोंदवाव्यात.

भरवशाचा साक्षीदार म्हणजे पोथीच. ती शिवलेली नसते. पाने सुटी, आणि दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली. वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीत सांगणारा एकेक पान समोर उभे धरतो, उलटतो, दुसरे घेतो. रामायण-महाभारतातले प्रसंग रंगांत आहेत; कथन मात्र तोंडपाठ. म्हणजे एक पान हरवले की दोन चित्रे जातात. ती बहुधा लागोपाठच्या प्रसंगांची असावीत. पोथीत एकच प्रसंग कमी दिसला, तर चिकटवलेली जोडी सुटली असेल, किंवा तो प्रसंग कधी काढलाच नसेल. यांतले खरे कोणते, हे कागद सांगत नाही. ते कथा पाठ असलेल्या माणसाला विचारावे लागते, आणि तो तिथपर्यंत गात आला की थांबतो की पुढे जातो, ते ऐकावे लागते.