समान भाड्याचा असमान हिशोब

जमशेदपूरच्या भट्टीशेजारी एक टन पोलाद ज्या भावाने मिळे, त्याच भावाने ते मुंबईच्या किंवा लुधियानाच्या रेल्वे मालधक्क्यावरही मिळे. १९५६ पासून सुमारे साडेतीन दशके भारतात हा नियम चालला. ‘भाडे समानीकरण’ या रुक्ष नावाच्या या धोरणाने देशाचा औद्योगिक नकाशा किती बदलला, यावर अर्थशास्त्रज्ञांचा वाद आजही शमलेला नाही.

हेतू उदात्त होता. खनिजे मोजक्या प्रदेशांत सापडतात. म्हणून उद्योगही तेवढ्यांच्याच वाट्याला यावेत, हे नव्या प्रजासत्ताकाला मान्य नव्हते. त्यासाठी पोलादाच्या ठरीव किमतीत देशभरच्या वाहतुकीचा सरासरी खर्च मिळवला गेला. परिणामी खाणीजवळचा ग्राहक प्रत्यक्षापेक्षा अधिक भाडे भरू लागला आणि दूरच्या ग्राहकाच्या भाड्याचा भार उचलू लागला. सिमेंटलाही असाच नियम लागू झाला. कापूस मात्र त्यातून सुटला, ही पूर्वेकडील राज्यांची कायमची तक्रार. आणि ती निराधार म्हणता येत नाही.

अडचण समजण्यासाठी पोलादाचे वजन लक्षात घ्यावे लागते. एक टन पोलादासाठी साधारण दीड टन लोहखनिज लागते आणि वर कोळसा. त्यामुळे भट्टी खाणीजवळच परवडते, हे जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्येच मांडले होते. भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजच्या लोहखनिजाकडे टाटांचे लक्ष वेधले आणि १९१२ मध्ये साकचीच्या, म्हणजे आजच्या जमशेदपूरच्या, कारखान्यातून पहिले पोलाद निघाले, तेही याच गणितामुळे. समानीकरणाने भट्ट्या हलल्या नाहीत. भिलाई, राऊरकेला आणि दुर्गापूर येथील नव्या भट्ट्याही खनिजपट्ट्यातच उभ्या राहिल्या. पोलादापासून यंत्रे, पंप, सुटे भाग बनवणाऱ्यांना मात्र त्या भट्ट्यांजवळ राहण्याचे कारण उरले नाही.

खरे नुकसान येथे शोधावे लागते. लहान ओतशाळा, साचे घडवणारे कारागीर आणि त्यांच्याकडून सुधारित नमुना मागणारा मोठा कारखाना एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असले, की नवे तंत्र हातोहात पसरते. पूर्व भारतात विज्ञानसंस्थांची वाण नव्हती. जमशेदपूरला राष्ट्रीय धातुविज्ञान प्रयोगशाळा १९५० मध्ये आली, खरगपूरला पहिली आयआयटी १९५१ मध्ये. पण पदवी घेतलेल्या अभियंत्याला नोकरी देणारे कारखाने हळूहळू दुसरीकडे वाढत गेले. टेल्कोचेच पाहा: १९५४ मध्ये जमशेदपुरात ट्रक बनवू लागलेल्या या कंपनीने १९६० च्या दशकात पुण्यात दुसरे केंद्र उभारले. त्यामागे समानीकरणच होते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण पोलादापासूनचे अंतर ही पुण्याची उणीव राहिली नव्हती, एवढे निश्चित.

सारा दोष या एका धोरणावर टाकणेही इतिहासाला धरून नाही. फाळणीने बंगालच्या ताग गिरण्या आणि तागाची शेते यांच्यामध्ये सरहद्द आणली. १९६० च्या दशकाच्या मध्यानंतर रेल्वेने वाघिणींची मागणी घटवली आणि हावड्याचा अभियांत्रिकी पट्टा कोलमडला. परवानापद्धती होती, कामगार संघर्ष होते. समानीकरणाने एवढेच केले, की अशा पडत्या काळात प्रदेशाला सावरू शकणारा त्याचा नैसर्गिक लाभ आधीच काढून घेतला होता.

१९९० च्या दशकाच्या आरंभी पोलादावरचा हा नियम उठला. तोवर पुणे, लुधियाना, कोइमतूर येथे पुरवठादारांची साखळी, प्रशिक्षित हात आणि बँकांची पत यांची घट्ट वीण तयार झाली होती. एका सरकारी आदेशाने ती पूर्वेकडे सरकणारी नव्हती.

आता लुधियाना ते सोननगर असा १,३३७ किलोमीटरचा पूर्व मालवाहतूक मार्ग झाला आहे. पूर्वेकडचा कोळसा त्यावरून उत्तरेच्या वीजकेंद्रांकडे वेगाने जातो. परतताना कोळशाच्या त्या वाघिणी रिकाम्या असतात.