ट्रान्सप्लांटसाठी मूळ पेशी कशा काढतात? पेशंटच्या घरच्यांनी हे समजून घ्या

रक्ताच्या कॅन्सरमध्ये ‘ट्रान्सप्लांट करावं लागेल’ असं डॉक्टरांनी सांगितलं की घरचे घाबरतात. मोठं ऑपरेशन होणार, मणक्यातून काहीतरी काढणार, असं अनेकांना वाटतं. बहुतेक वेळा तसं काही नसतं.

मोबिलायझेशन म्हणजे काय?
रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी (स्टेम सेल) हाडातल्या मगजात असतात. त्यांना तिथून रक्तात आणणं म्हणजे मोबिलायझेशन.

कसं करतात?
जी-सीएसएफ हे इंजेक्शन साधारण ४ ते ५ दिवस कातडीखाली देतात. मग मशीन रक्त घेऊन मूळ पेशी वेगळ्या करतं आणि बाकीचं रक्त परत अंगात सोडतं. याला काही तास लागतात. पेशंटच्या दर किलो वजनामागे किमान २० लाख पेशी मिळवायच्या असतात. कमी पडल्या तर दुसऱ्या दिवशी पुन्हा काढतात किंवा प्लेरिक्साफॉर हे इंजेक्शन जोडीला देतात.

त्रास होतो का?
हाडं, कंबर दुखते. इंजेक्शन थांबल्यावर दुखणं कमी होतं.

पेशी कुणाच्या?
मायलोमात बहुधा पेशंटच्याच. त्या गोठवून ठेवतात आणि जोरदार केमोनंतर सलाईनसारख्या शिरेतून परत देतात. ल्युकेमियात बहुतेक वेळा भाऊ-बहीण किंवा दुसऱ्या दात्याच्या लागतात.

हे विसरू नका
मायलोमात लेनालिडोमाइडच्या गोळ्या बरेच महिने घेतल्यावर पेशी कमी निघू शकतात. म्हणून ‘पेशी कधी काढायच्या?’ हे उपचार सुरू होतानाच डॉक्टरांना विचारा. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका.