एका ओट्याचा इतिहास

लोणारच्या माणसाने इतिहास लिहायला बसू नये. कारण तो सुरू कुठून करायचा, इथेच पहिली ठेच लागते. पुण्याचा माणूस शनिवारवाड्यापासून सुरुवात करतो आणि पेशवाई आटोपून दुपारच्या झोपेला मोकळा होतो. आमच्याच जिल्ह्यातला सिंदखेडराजाचा माणूस जिजाऊंच्या जन्मापासून सुरू करतो. आम्हाला मात्र थेट आकाशातून सुरुवात करावी लागते. एक अशनी आला, आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पाडून गेला. कधी? तर मी शाळेत होतो तेव्हा ही घटना बावन्न हजार वर्षांपूर्वी घडलेली होती. मी बँकेत चिकटल्यावर शास्त्रज्ञांनी आर्गॉनच्या पद्धतीने पुन्हा मोजले आणि ती पाच लाख सत्तर हजार वर्षांपूर्वी घडली असे सांगितले. म्हणजे खात्यात पाच लाख अठरा हजारांचा फरक! आमच्या शाखेत नुसत्या अठरा रुपयांचा फरक लागला तरी रात्री नऊपर्यंत कोणाला घरी सोडत नाहीत.

पण या घटनेबद्दल मला खरी हळहळ वाटते ती निराळीच. एवढी मोठी गोष्ट गावात घडली आणि ती पाहायला आमच्या गल्लीतले कोणी हजर नव्हते! ज्या गल्लीत कुणी नवा गॅसचा शेगडा आणला तरी वीस माणसे जमतात, त्या गल्लीच्या हातून हे निसटावे? पुढे पुराणांनी ही उणीव भरून काढली. लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली लपून बसला होता आणि विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन, वरचे झाकण उडवून त्याचा निकाल लावला, अशी कथा झाली. बंद घर आहे, आत एक उपद्रवी इसम आहे, भांडण आहे आणि शेवटी त्याला घराबाहेर काढणे आहे. आजच्या भाषेत याला रिअ‍ॅलिटी शो म्हणतात.

सांगायचा मुद्दा, आमच्या गल्लीचा इतिहास हा राजेरजवाड्यांचा नसून पाहण्याचा इतिहास आहे. मी पडलो बी. कॉम. इतिहासाशी माझा संबंध दहावीत छत्तीस मार्कांवर सुटला. तरी जमाखर्च मांडता येतो, म्हणून हे धाडस.

पहिला कालखंड म्हणजे ओटायुग. आमची गल्ली जुन्या गावात, दैत्यसूदनाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. देवळाच्या भिंतींवर इतकी शिल्पे आहेत की, पाहायला कोणी उरले नाही तर निदान ती तरी गल्लीकडे पाहत असतात. पण गल्लीचे खरे पाहणे होत असे ते समोरच्या जिजींच्या ओट्यावरून. जिजी म्हणजे कोणाच्या जिजी, हे मला अजून ठाऊक नाही. माझे वडील त्यांना जिजी म्हणत, मी म्हणतो आणि माझा मुलगाही म्हणतो. वाती वळत त्या ओट्यावर बसत आणि मान वर न करता सगळी गल्ली पाहत.

"काऊन रे, आज लवकर सुटली शाळा? का मास्तरनं हाकललं?"

या प्रश्नाला खोटे उत्तर देऊन उपयोग नसे. कारण मास्तरांची मंडळी सकाळीच धारेवर पाणी भरताना जिजींना भेटलेली असे. गोमुखाची ती धार आमच्या गावाची वृत्तसंस्था होती. पाणी भरायला दहा मिनिटे लागत आणि बातम्या भरायला तासभर. कुणाकडे पाहुणे आले, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणी नवऱ्याशी अबोला धरला, याची नोंद जिजींकडे होई. तिला खाडाखोड मान्य नव्हती.

या पाहण्याचा आम्हाला जाच होई, हे कबूल केले पाहिजे. मी कॉलेजात असताना पहिली बिडी ओढली ती थेट तळ्याकाठी, कमळजादेवीच्या वाटेवरच्या झाडीत जाऊन. वर चढून घरी येईपर्यंत बातमी घरी पोचली होती. ती कशी पोचली, हे कोडे माझ्या लेखी अशनीच्या वयाइतकेच गहन आहे.

दुसरा कालखंड सुरू झाला २५ जानेवारी १९८७ रोजी. त्या रविवारी दूरदर्शनवर 'रामायण' लागले. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. गल्लीत टीव्ही एकच, अडतीचे दुकान असलेल्या शेटजींकडे. त्यांच्या गच्चीवर बांबूला बांधलेली अँटेना होती आणि ती फिरवायला एक पोट्टा कायम वर. "आलं का?" "नाही!" "आता?" "मुंग्या आल्या!" या संवादात निम्मी अयोध्या निघून जाई. शेटजींच्या खोलीत पन्नास माणसे मावत. चपलांचा ढीग बाहेर, उदबत्ती टीव्हीपुढे आणि वीज गेलीच तर ट्रॅक्टरची बॅटरी दारात तयार. जिजी पुढच्या रांगेत बसत, पण त्यांचे निम्मे लक्ष खोलीकडे असे. सीताहरणाच्या दिवशी कोण रडले आणि कोणी नुसता पदर डोळ्यांना लावला, हे त्या संध्याकाळी ओट्यावर सांगत. म्हणजे पडद्यावर रामायण आणि खोलीत रिअ‍ॅलिटी, असा दुहेरी कार्यक्रम एकाच तिकिटात होई. तिकीटही नव्हतेच. शेटजी वरून चहा पाजत.

मग केबल आली आणि घरोघर टीव्ही झाले. पन्नास माणसांची एक खोली होती तिथे पाच माणसांच्या दहा खोल्या झाल्या. बेरीज तीच, पण ताळा चुकला. १९९३ साली 'अंताक्षरी' आली, १९९५ साली 'सा रे ग म' आले आणि ३ जुलै २००० रोजी अमिताभ बच्चन 'कौन बनेगा करोडपती' घेऊन आले. त्याच वर्षी मुंबईचा हर्षवर्धन नवाथे एक कोटी जिंकला आणि महाराष्ट्रातल्या यच्चयावत बेकार पदवीधरांचे हाल सुरू झाले. मी त्यांपैकी एक. "तो पाहा नवाथे!" हे वाक्य आई मला जेवताना, झोपताना आणि विशेषतः दुसऱ्यांदा भात मागताना ऐकवी. मी एसटीडी बूथवर जाऊन फोन लावण्याचा प्रयत्न केला. माझ्याकडून एक कोटी कोणी घेतले नाहीत, हीच काय ती कमाई. बूथचे बिल वडिलांनी भरले.

२००४ साली 'होम मिनिस्टर' सुरू झाले. आदेश बांदेकर घरोघर जाऊन वहिनींना पैठणी देऊ लागले आणि लोणारातल्या बायकांची घरे एकाएकी स्वच्छ राहू लागली. २००६ साली माझे लग्न झाले. आमच्या सौभाग्यवतींनी माप ओलांडल्यावर पहिली चौकशी केली ती, "इकडे येतात का हो ते?" ही. ते आले नाहीत. शेवटी लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला पैठणी मीच आणली. "पण खेळ कुठे झाला?" असे विचारून ती कपाटात ठेवण्यात आली.

आता बिग बॉसकडे वळू. १९४९ साली जॉर्ज ऑर्वेल या लेखकाची '१९८४' नावाची कादंबरी निघाली. सगळ्यांवर नजर ठेवणारा 'बिग ब्रदर' तिच्यातला. वाचून लोकांच्या अंगावर काटा आला. पन्नास वर्षांनी, १९९९ साली, हॉलंडातल्या मंडळींनी त्याच नावाचा खेळ काढला. घरात माणसे कोंडायची, भिंतीभिंतीला कॅमेरे लावायचे आणि कोण कोणाशी भांडते ते देशाला दाखवायचे. लोकांच्या अंगावर काटा न येता ते चहा घेऊन समोर बसले. आपल्याकडे २००६ साली हिंदीत 'बिग बॉस' आले आणि २०१८ साली मराठीत. २०१९ साली तर आपल्या अमरावतीचा शिव ठाकरे जिंकला. त्याच वर्षी करोडपतीत अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे एक कोटी जिंकल्या. शाळेत पोरांना खिचडी करून घालणारी बाई! त्या वर्षी सगळ्या वऱ्हाडाची कॉलर ताठ होती.

मी जिजींना बिग बॉस समजावून सांगितले. त्यांनी वात अर्धी वळून ठेवली.

"म्हंजे अंदरच्या लोकाईले बाहेरचे दिसत नाही?"

"नाही."

"अन् बाहेरच्याईले अंदर जाता येत नाही?"

"नाही."

"मंग पाहून काय फायदा?"

मी बँकेतला माणूस. फायद्याचा प्रश्न आला की मला उत्तर द्यावेच लागते. पण त्या दिवशी सुचले नाही. "मत देता येतं ना, मोबाइलवरून," असे काहीतरी म्हणून मी वेळ मारून नेली.

मध्ये एकदा आम्ही स्वतःच पाहण्याचा विषय झालो. जून २०२० मध्ये लोणारचे तळे एकाएकी गुलाबी झाले. टाळेबंदीचे दिवस. तळे घरापासून चालत जायच्या अंतरावर, पण आम्ही त्याचा रंग पाहिला तो टीव्हीवर! दिल्लीची बाई आम्हाला सांगत होती की लोणारमध्ये काय चालले आहे. पुढे तपासणीत निघाले की पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला. जिजींचे म्हणणे एवढेच, "इतके वर्स हिरवं होतं, तवा कोनी आलं नाही. तोंड लाल केल्याशिवाय कोनी पायत नाही बाप्पा."

आता इतिहासाचे शेवटचे पान. ते लिहायचे की नाही, यावर मी बराच विचार केला. पण नोंद राहिली तर ताळेबंद खोटा ठरतो.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार. नवरात्राचे दिवस. एरवी या दिवसांत संध्याकाळी अर्धी गल्ली कमळजादेवीच्या वाटेवर असते. त्या दिवशी मंडळी दर्शन उरकून लवकर घरी आली, कारण मराठी बिग बॉसच्या पाचव्या पर्वाचा शेवट होता. घरोघर दारे लोटलेली, घरोघर तोच आवाज. मुलाने मोबाइलवरून मतही दिले होते. सूरज चव्हाण जिंकला. बारामतीकडचा, गरिबाघरचा मुलगा. आमच्या घरात टाळ्या वाजल्या, शेजारी वाजल्या, पलीकडेही वाजल्या. चला, गल्ली अजून एकत्र आहे, असे मी सौभाग्यवतींना म्हणालोसुद्धा.

जिजींच्या ओट्यावर त्या संध्याकाळी दिवा लागला नव्हता. हे कोणाच्याच लक्षात आले नाही.

सकाळी दूधवाल्याने कडी वाजवली. आतून आवाज क्षीण आला. न्हाणीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडले होते. रात्रभर त्या तिथेच पडून होत्या. मुलगा पुण्याला, मुलगी सुरतेला आणि गल्ली टीव्हीसमोर. गाडी करून त्यांना मोठ्या गावच्या दवाखान्यात नेले. ऑपरेशन झाले. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो, तेव्हा काय बोलावे हे मला कळत नव्हते. त्यांनीच विषय काढला.

"ते सूरज पोट्टं जितलं न?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोन सांगते? चारी घरातून आयकू येत होतं मले. पडल्या पडल्या सगळं आयकलं." मग थोडे थांबून म्हणाल्या, "जाहिरात लागली का मी हाका मारत होती. म्हटलं, आता तरी आवाज जाईन. पन तुमी जाहिरातीत मोबाइल पायता, नाही?"

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यांनी फक्त नोंद सांगितली, नेहमीसारखी, खाडाखोड न करता.

जिजी आता काठी घेऊन चालतात आणि ओट्यावर पुन्हा बसतात. गल्लीने कुठला ठराब वगैरे केला नाही. पण आमच्या घरात जाहिरात लागली की मुलगा दारात जाऊन ओरडतो, "जिजी, हाय का?" समोरून उत्तर येते, "हाय रे बाप्पा, कुठी जातो!" दुसऱ्या जाहिरातीला शेजारची मुलगी ओरडते. जाहिराती इतक्या असतात की जिजी वैतागतात. त्यांना एकेका तासात आठदहा वेळा जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. आमच्या बँकेत पेन्शनवाल्यांना तो वर्षातून एकदाच द्यावा लागतो.

परवा संध्याकाळी लाइट गेली होती. टीव्ही नाही, त्यामुळे जाहिरातही नाही. मी सवयीने दारात आलो आणि तसाच रस्ता ओलांडून ओट्यापाशी गेलो.

"काऊन रे? आज तं जाहिरात नाही," जिजी म्हणाल्या.

"म्हणूनच आलो."

"बस मंग. तुह्या बायकोनं आज कारलं केलं न? अन् तू न जेवताच उठला."

अंधारात त्यांना हे कसे दिसले, ते मी विचारले नाही.