एका डॉलरला विकलेला पूल

1984 साली अमेरिकेत एक रेल्वे पूल एका डॉलरला विकला गेला. मोडीत निघालेली एखादी फळकुटाची साकवळ नव्हती ती. न्यू यॉर्क राज्यातल्या हडसन नदीवरचा, पकिप्सी आणि हायलंड या दोन गावांना जोडणारा, दोन किलोमीटरहून लांब आणि पाण्यापासून 212 फूट उंच असा पोलादी पूल होता. वीस मजली इमारतीच्या गच्चीवरून रेल्वे धावते आहे अशी कल्पना करा, म्हणजे अंदाज येईल.

एवढा पूल एका डॉलरला का गेला? कारण कॉनरेल या रेल्वे कंपनीला तो विकायचा नव्हता, त्याच्यापासून सुटका हवी होती. पूल ज्याच्या नावावर, त्याच्यावर विमा, कर, नदीतल्या जहाजांसाठी लावायचे दिवे आणि खाली काही पडलं तर होणारी नुकसानभरपाई, या सगळ्याचा भार. तो भार दुसऱ्याच्या डोक्यावर जात असेल तर एक डॉलरही खूप होता.

त्यानंतर 25 वर्षांनी, 3 ऑक्टोबर 2009 रोजी, हाच पूल पायी चालणाऱ्यांसाठी खुला झाला. आज त्याचं नाव ‘वॉकवे ओव्हर द हडसन’. दरवर्षी लाखो लोक तिथे चालतात, सायकली चालवतात, बाबागाड्या ढकलतात. इन्स्टाग्रामवर शोधलंत तर पानगळीच्या दिवसांतले लाल-पिवळे डोंगर आणि मधून जाणारी ती सरळ वाट दिसेल.

एक डॉलर ते लाखो लोक, या प्रवासाची गोष्ट बहुतेक वेळा एका झपाटलेल्या माणसाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. तो माणूस इथेही आहे. पण पूल पूर्ण झाला तेव्हा संस्थेची सूत्रं त्याच्या हातात नव्हती. हे असं का झालं, हे समजून घेतलं तर जुन्या वास्तू नेमक्या कशाने वाचतात याचं उत्तर मिळतं.

कोळशासाठी बांधलेली वाट

एकोणिसाव्या शतकात पेनसिल्व्हेनियाच्या खाणींत कोळसा होता आणि न्यू इंग्लंडमध्ये तो जाळणाऱ्या गिरण्या-कारखाने. मध्ये आडवी हडसन. न्यू यॉर्क शहरापासून ऑल्बनीपर्यंत नदीवर एकही पूल नव्हता. डबे होड्यांवर चढवायचे, पलीकडे उतरवायचे, हिवाळ्यात नदी गोठली की वाट बघायची.

पूल बांधण्यासाठी 1871 मध्ये कंपनी स्थापन झाली. 1873 मध्ये पायाभरणी झाली आणि त्याच वर्षी अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली. काम थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. अखेर 1886 मध्ये नव्याने हात घातला गेला आणि 1888 च्या शेवटच्या आठवड्यात पहिली गाडी पुलावरून गेली. म्हणजे हा पूल जन्मापासूनच अर्धवट राहण्याच्या बेतात होता. तो पूर्ण झाला तेव्हा जगातल्या सर्वांत लांब पुलांमध्ये त्याची गणना झाली.

पुढची ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं त्याने निमूटपणे काम केलं. मग ट्रक आले, महामार्ग आले, रेल्वे कंपन्या डबघाईला आल्या. हा पूल ज्या कंपनीकडे आला होता ती पेन सेंट्रल 1970 मध्ये दिवाळखोरीत गेली. दिवाळखोर मालक आधी कशावरचा खर्च कापतो? देखभालीवरचा.

8 मे 1974 ला पुलावर आग लागली. गाडीच्या ब्रेकमधून उडालेल्या ठिणग्यांनी लाकडी स्लीपर पेटले असावेत असं मानलं जातं. शेकडो फूट रूळमार्ग जळाला. पोलादी सांगाडा मात्र उभा राहिला. पेन सेंट्रलने दुरुस्ती केली नाही. मालगाड्या उत्तरेला, ऑल्बनीजवळच्या सेलकर्कमार्गे फिरवल्या आणि पूल तसाच सोडून दिला.

अंधारातला सांगाडा

बंद पडलेला पूल दिसायला गंभीर आणि सुंदर असतो. त्याच्याखाली राहणाऱ्यांना तसा तो वाटत नाही. पुलाखाली घरं होती, हमरस्ता होता, दोन्ही तीरांवर चालू रेल्वेमार्ग होते. वरून कधी काय सुटून पडेल ही धास्ती खरी होती. ‘पाडून टाका एकदाचा’ असं म्हणणारे लोक मूर्ख नव्हते किंवा इतिहासाचे शत्रूही नव्हते.

1979 मध्ये पुलाचं नाव अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत गेलं. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अशा नोंदीने मान मिळतो, सरकारी निधीतून होणाऱ्या कामांच्या वेळी विचारपूस होते. पण खासगी मालकाला दुरुस्ती करायला ती नोंद भाग पाडत नाही. निळी पाटी लागली म्हणून गंज थांबत नाही.

मग 1984 चा तो एक डॉलरचा सौदा. नवा मालकही पुलाचं ओझं पेलू शकला नाही. जहाजांसाठीचे दिवे विझले आणि तटरक्षक दलाने दंड लावायला सुरुवात केली. पुढे पुलाची मालकी आणखी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. प्रत्येक जण कागदावर मालक, प्रत्यक्षात कोणीच नाही.

एका माणसाचा हट्ट

1992 मध्ये बिल सेपी नावाच्या स्थानिक माणसाने एक कल्पना मांडली. या पुलावरून माणसांनी चालावं. त्यासाठी त्यांनी ‘वॉकवे ओव्हर द हडसन’ ही ना-नफा संस्था उभी केली. ज्या पुलाकडे गाव वीस वर्षं ओझं म्हणून बघत होतं, त्याच्याकडे वाट म्हणून बघायला त्यांनी शिकवलं. हे काम छोटं नाही. पैसा, इंजिनिअर, सरकार हे सगळं नंतर येतं. आधी कोणीतरी एकाने वेड्यासारखं बोलावं लागतं आणि लोक हसले तरी बोलत राहावं लागतं.

सेपींची पद्धतही ठरलेली होती. काम स्वयंसेवकांनी करायचं, पैसा लोकांच्या देणग्यांतून, आणि सरकारच्या तोंडाकडे बघायचं नाही. लोकांचा पूल लोकांच्या हातांनी. सुट्टीच्या दिवशी माणसं जमत, साफसफाई करत, फळ्या बसवत. 1998 मध्ये पुलाची मालकी या संस्थेकडे आली.

तो क्षण आनंदाचा होता आणि तिथूनच अवघड गोष्ट सुरू झाली. काल जी मंडळी ‘पूल वाचवा’ म्हणत होती, ती आज पुलाची मालक होती. आता दिवे त्यांचे, विमा त्यांचा, खाली काही पडलं तर कोर्टात उभं राहणंही त्यांचंच.

संस्था कोणाची असते?

इथे थोडं थांबून अमेरिकेतलं ना-नफा संस्थेचं संचालक मंडळ म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे विश्वस्त मंडळ म्हणतात, त्याच्या जवळचीच ही गोष्ट. सभासदांना सहसा मानधन नसतं. संध्याकाळी नोकरी-धंदा आटपून यायचं, अहवाल वाचायचे, हिशोब तपासायचे, हात वर करून मत द्यायचं. त्याबद्दल गावात मिरवायला मिळतं असंही फारसं नाही.

पण कायदा या फुकट काम करणाऱ्यांकडून तीन गोष्टी मागतो. पहिली, काळजी: निर्णय घेण्याआधी माहिती घ्या, प्रश्न विचारा, मान डोलावू नका. दुसरी, निष्ठा: स्वतःचा किंवा नातेवाइकांचा फायदा जिथे असेल तिथे तो उघड करा आणि त्या निर्णयापासून बाजूला राहा. तिसरी, उद्दिष्टाशी बांधिलकी: संस्था ज्या कामासाठी स्थापन झाली, पैसा त्याच कामासाठी जाईल हे पाहा. संस्थेला करसवलत मिळते ती या बोलीवर, आणि दरवर्षी भरलेलं तिचं विवरणपत्र कोणीही मागून बघू शकतं.

या सगळ्यातून निघणारी एक गोष्ट पचवायला कठीण आहे. अशा संस्थेला मालक नसतो. संस्थापकही मालक नसतो. त्याने रक्त आटवलं असेल, पहिली फळी स्वतःच्या हाताने ठोकली असेल, तरी मतदान झालं की त्याचंही एकच मत. सोसायटीची वार्षिक सभा किंवा गणेश मंडळाची बैठक पाहिलेल्या कोणालाही हा प्रसंग किती अवघड असतो ते सांगावं लागणार नाही.

पकिप्सीत नेमकं हेच घडलं. सुमारे पावणेसात हजार फुटांचा पूल सुट्टीच्या दिवशी जमलेल्या हातांनी कधी पूर्ण होणार, हा प्रश्न संस्थेतल्याच लोकांना पडू लागला. इंजिनिअरांकडून तपासणी हवी, सरकारशी बोलणं हवं, मोठा पैसा हवा, असं एका बाजूचं म्हणणं. तसं केलं तर हा लोकांचा पूल राहणार नाही, असं सेपींचं. 2004 च्या सुमारास सूत्रं सेपींच्या हातून गेली आणि फ्रेड शेफर हे व्यवसायाने वकील असलेले, सायकलिंगची आवड असलेले गृहस्थ अध्यक्ष झाले.

यात खलनायक शोधायचा मोह होतो. कृतघ्न मंडळ किंवा हेकट संस्थापक, कोणीतरी एक ठरवलं की गोष्ट सोपी होते. मला ती सोपी करावीशी वाटत नाही. सेपी नसते तर वाचवायला पूल उरला असता की नाही कोण जाणे. आणि त्यांच्याच वाटेने गेलं असतं तर आज पुलाचा किती भाग चालण्याजोगा असता, हाही प्रश्न टाळता येत नाही. मंडळासमोर प्रश्न माणसाच्या उपकारांचा नव्हता, पुलाचा होता. उपकार लक्षात ठेवूनही विरुद्ध मत द्यावं लागतं, ही मंडळावर बसण्याची खरी किंमत.

तीन कोटी 88 लाख डॉलर

नव्या मंडळाने केलेली कामं सांगायला गेलं तर कंटाळवाणी आहेत. त्यांनी माणसं जोडली, अर्ज लिहिले, पत्रं पाठवली, सभा घेतल्या. स्थानिक डायसन फाउंडेशनचं पाठबळ मिळवलं. त्यामुळे इतर देणगीदार आणि सरकारी खाती ऐकून घ्यायला तयार झाली. इंजिनिअरांनी पूल तपासला आणि जुना सांगाडा चालणाऱ्यांचं वजन सहज पेलेल असा निर्वाळा दिला. शेवटी तो मालगाड्यांसाठीच बांधलेला होता.

पूल पाडायचा खर्चही प्रचंड येईल, हा मुद्दा मंडळाने लोकांसमोर ठेवला. ‘जतन’ म्हटलं की लोकांना ती हौस वाटते. ‘पाडायलाही पैसे लागतातच’ म्हटलं की हिशोब सुरू होतो. वारशाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा धडा लिहून ठेवावा असा आहे.

आणखी एक गोष्ट जुळून आली. हेन्री हडसन या दर्यावर्द्याने 1609 मध्ये या नदीतून प्रवास केला होता, त्याला 2009 मध्ये 400 वर्षं होत होती. राज्य सरकारला साजरं करायला काहीतरी हवं होतं आणि मंडळाकडे तयार आराखडा होता. संधी आली तेव्हा कागद तयार होते, हे नशिबाने होत नाही. कोणीतरी तीन-चार वर्षं रात्री जागून ते कागद केलेले असतात.

जुन्या पोलादावर काँक्रीटच्या तयार लाद्या बसवल्या गेल्या, कठडे आले. एकूण खर्च 3 कोटी 88 लाख डॉलर. त्यात सरकारचा पैसा होता आणि खासगी देणग्याही होत्या. 2009 च्या ऑक्टोबरात पूल उघडला. 2014 मध्ये पकिप्सीच्या नदीकाठावरून थेट पुलावर नेणारी लिफ्ट सुरू झाली, त्यामुळे व्हीलचेअरवरून येणाऱ्यालाही नदीकाठ आणि पूल एकमेकांना जोडले गेले. दोन्ही बाजूंना जुन्या रेल्वेमार्गांवरच केलेल्या सायकलवाटा आहेत. जिथून कोळसा जायचा तिथून आता सायकली जातात.

उद्घाटनानंतर

आता ही जागा न्यू यॉर्क राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे. मग संस्थेचं काम संपलं का? नाही. ती आजही आहे, तिला आजही संचालक मंडळ आहे. ते निधी गोळा करतं, कार्यक्रम घेतं, स्वयंसेवकांची फळी सांभाळतं. सेपींना हवी असलेली माणसं, सुट्टीच्या दिवशी आपणहून येणारी, पुलावर अजून येतात. फरक एवढाच की पोलादाची जबाबदारी त्यांच्या खांद्यावर नाही. ते वाट दाखवतात, इतिहास सांगतात, कचरा उचलतात.

जुना पूल, वाडा, विहीर, घाट वाचवायचा म्हटलं की आपण मोर्चा, हॅशटॅग, स्वाक्षऱ्यांची मोहीम इथपर्यंत जातो. ते हवंच. पकिप्सीतही सुरुवात लोकांच्या आवाजानेच झाली. पण 1992 ते 2009 ही 17 वर्षं आहेत. एखादी पोस्ट 17 वर्षं व्हायरल राहत नाही. तेवढा काळ टिकते ती नोंदलेली संस्था, तिची घटना, तिचं वहीखातं आणि दर महिन्याला ठरल्या वेळी येऊन बसणारी सात-आठ माणसं. त्यांपैकी एखाद्याला इंजिनिअरचा अहवाल वाचता यावा लागतो, एखाद्याला ताळेबंद कळावा लागतो, आणि एखाद्याला शांत आवाजात ‘मला हे पटत नाही’ म्हणता यावं लागतं.

तुम्ही वाणिज्य शाखेचे असाल, कायद्याचे असाल, सिव्हिलचे असाल, तर वारसा जतन हे आपलं क्षेत्र नाही असं समजू नका. इतिहासावर प्रेम करणारे पुष्कळ मिळतात. विम्याचं पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे कमी असतात.

पुलाचं पोलाद आता सव्वाशे वर्षांहून जुनं आहे. नदीवरचा दमट वारा रात्रंदिवस त्याला लागतो. रंग उडतो, गंज धरतो, तपासणी करावी लागते, खर्च मंजूर करावा लागतो. एखाद्या संध्याकाळी पकिप्सीतल्या कुठल्याशा खोलीत तो विषय पत्रिकेवर येत असेल. खोलीत चहा-कॉफी असेल, कोणीतरी घड्याळाकडे बघत असेल. आणि वरती, 212 फुटांवर, लोक आपले फोटो काढत चालत असतील.