दिनविशेष : २७ एप्रिल

१९५९ : नौदलाचे कमांडर कवस नानावटी यांनी मुंबईत प्रेम आहुजा यांची गोळ्या झाडून हत्या केली. पत्नीने आहुजांशी असलेल्या संबंधांची कबुली देताच नानावटींनी तिला व मुलांना ‘मेट्रो’ सिनेमाला सोडले, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतले आणि आहुजांचे घर गाठले. नंतर ते स्वतःच पोलिसांत हजर झाले. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्यांची बाजू लावून धरली. ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाने मात्र जन्मठेप ठोठावली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली.

त्या माफीआधीच, १९६३ मध्ये, या प्रकरणावर बेतलेला सुनील दत्त व लीला नायडू यांचा ‘ये रास्ते हैं प्यार के’ हा चित्रपट पडद्यावर आला. गुलजार यांच्या ‘अचानक’मध्ये (१९७३) विनोद खन्ना लष्करी अधिकारी झाले, फाशीची शिक्षा झालेल्या या जखमी कैद्याला डॉक्टर जिवापाड मेहनत करून वाचवतात, ते फासावर जाण्यासाठीच! ‘रुस्तम’ने (२०१६) कथेला नौदलातील भ्रष्टाचाराची जोड दिली आणि अक्षय कुमार यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला.